‘विंटेज लष्करी परवाना’ विकणाऱ्या दलालांपासून सावध राहा

मोटार वाहन कायद्यात ‘विंटेज लष्करी वाहन चालक परवाना’ नावाचा कोणताही परवाना नाही. लष्कराने लिलावात काढलेली जुनी जीप, जोंगा (जीपसारखीच फौजी गाडी) किंवा शक्तिमान ट्रक खासगी मालकाला सार्वजनिक रस्त्यावर चालवायचा असेल, तर त्या प्रकारच्या आणि तेवढ्या वजनाच्या कोणत्याही गाडीला जो नागरी परवाना लागतो, तोच लागतो. हे सुरुवातीलाच सांगणे भाग आहे, कारण याच्या नेमके उलट पटवून एका दलालाने माझ्याकडून पैसे उकळले, आणि तसलीच कार्डे जुन्या फौजी गाड्यांची हौस असलेल्या आणखी काही जणांच्या गळ्यात मारल्याचे मला नंतर समजले.

माझे वडील आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या रसद आणि वाहतूक शाखेत, चालक होते. जर्मनीच्या मान कंपनीच्या तंत्रावर जबलपूरला बनलेला शक्तिमान चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे तसा एखादा ट्रक घरी आणून नीट दुरुस्त करावा आणि जपावा, ही माझी फार जुनी इच्छा होती. या दलालाने डेपोच्या लिलावातून सुटलेला एक शक्तिमान दाखवला. गाडी खरी होती, इंजिन चालू होते, आणि लिलावाच्या डिलिव्हरी ऑर्डरची झेरॉक्सही त्याच्याकडे होती. मूळ प्रत ‘मोठ्या पार्टीकडे’ असल्याचे तो सांगत राहिला. ती मला अखेरपर्यंत पाहायला मिळाली नाही. माझ्याकडे फक्त कारचा, म्हणजे एलएमव्ही वर्गाचा परवाना आहे, हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगितले होते. त्यावर तो म्हणाला, “साहेब, गाडी मिलिटरीची, त्यात विंटेज. आरटीओचा प्रश्नच येत नाही. आपण स्पेशल लायसन्स काढून देतो.”

त्याच्या बोलण्याची खुबी अशी की त्याने धादांत खोटे फारसे सांगितले नाही. खऱ्या गोष्टी अर्ध्यावर तोडून सांगितल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालाचे कात्रण त्याच्या मोबाइलमध्ये तयार होते. एलएमव्ही परवानाधारकाला ७५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते, असा तो निकाल आहे आणि तो खराच आहे. परंतु ही ७५०० किलोंची मर्यादा मालवाहू गाडीच्या बाबतीत भारासहित एकूण वजनाला लागू होते. रिकाम्या गाडीचे वजन हा निकष कार, ट्रॅक्टर आणि रोड रोलर यांच्यासाठी आहे. दलाल मात्र सतत रिकाम्या ट्रकचे वजन पुढे करत होता. चॅसीजवरचा गंज खरवडल्यावर खाली जो पत्रा सापडला, त्यावर कोरलेले एकूण वजन या मर्यादेच्या बरेच वर होते. म्हणजे त्या ट्रकला ‘ट्रान्सपोर्ट’ वर्गाचाच परवाना हवा होता, मग मी त्यात माल भरो वा न भरो.

दुसरी अर्धवट गोष्ट विंटेज नोंदणीची. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला त्यानुसार ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. परंतु हे नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकी यांच्यापुरते आहेत, मालवाहू ट्रक त्यांत बसतच नाही. शिवाय हे सगळे नियम गाडीच्या नोंदणीचे आहेत. व्हीए क्रमांकाची गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते, पण चालवणाऱ्याला परवान्यातून सूट कुठेही दिलेली नाही. दलालाने व्हीए क्रमांकासाठी वेगळे आणि ‘स्पेशल लायसन्स’साठी वेगळे, असे मिळून पन्नास हजारांच्या घरात पैसे घेतले आणि एकाचीही सरकारी पावती दिली नाही.

ते कार्ड मी अजून जपून ठेवले आहे, पुरावा म्हणून. वर अशोकस्तंभ, त्याखाली दोन आडव्या तलवारी, कोपऱ्यात चिप असल्याचा भास देणारा सोनेरी चौकोन. बोट फिरवले तर तो नुसता छापलेला असल्याचे लगेच कळते. वाहनाच्या वर्गापुढे ‘एलएमव्ही-विंटेज-मिल’ असे लिहिले आहे, जो वर्ग कोणत्याच नियमात नाही. वैधता ‘आजीवन’ आहे. खऱ्या परवान्यावर अशी नोंद कधीच नसते. ट्रान्सपोर्ट परवान्याची मुदत तर आता पाच वर्षांचीच असते.

हा सगळा प्रकार उघडकीस आला तो विम्यामुळे. विमा कार्यालयातील कर्मचाऱ्याने कागद पाहताना कार्डावरचा क्रमांक सारथी या वाहन परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर टाकला. एमएच, कार्यालयाचा दोन अंकी क्रमांक, वर्ष आणि सात आकडे, अशी त्याची मांडणी बिनचूक होती, पण तो परवाना भलत्याच माणसाचा आणि फक्त दुचाकीचा निघाला. ही तपासणी कोणालाही मोबाइलवर दोन मिनिटांत करता येते. त्या कार्डाच्या भरवशावर ट्रक रस्त्यावर आणला असता आणि एखादा माणूस गाडीखाली आला असता, तर विमा कंपनीने नुकसानभरपाईची रक्कम माझ्याकडून वसूल केली असती. परवान्याशिवाय गाडी चालवल्याचा ५००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंतची कैद त्यापुढे किरकोळ ठरते.

अशा ट्रकचा खरा रस्ता लांबचा आहे, पण सरळ आहे. वय वीस पूर्ण हवे, एलएमव्ही परवाना किमान एक वर्ष जुना हवा, मग शिकाऊ परवाना, डॉक्टरांचे नमुना १ए मधील प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र आणि शेवटी प्रत्यक्ष चाचणी. जोंगा किंवा जुनी जीप घेणाऱ्यांना ही यातायात नाही, त्यांना साधा एलएमव्ही परवाना पुरतो. मात्र दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन जीपचे स्टिअरिंग डावीकडे असते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे अशी गाडी विहित इशारा यंत्रणा चालू स्थितीत असल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही.

वडिलांच्या फौजी परवान्यावरही त्या दलालाने डोळा ठेवला होता. “अण्णांनी हीच गाडी चालवली आहे, त्यांचे मिलिटरी लायसन्स दाखवा, पोलिस सलाम ठोकतील,” असे तो म्हणाला. ज्या माणसाने आयुष्यभर नियमाने गाडी चालवली, त्याच्या नोकरीचा असा वापर करायला सांगणे मला फसवणुकीपेक्षाही जास्त लागले. फौजी परवाना हा नागरी परवाना नव्हे. त्याच्या आधारे नागरी परवाना मागण्यासाठी सारथीवरील अर्जात वेगळा पर्याय आहे. ट्रकवरचा वर बाण असलेला लष्करी क्रमांकही तो ताजा रंगवून देणार होता. लष्करी वापर संपला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे ती गाडी इतर गाड्यांसारखीच नागरी नोंदणीच्या कक्षेत येते, त्यामुळे तो क्रमांक लावून फिरणे म्हणजे बिननोंदणीची गाडी चालवणेच होय.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि पोलिस ठाण्यात तक्रार दिली आहे. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज, म्हणजे भारतीय न्याय संहितेची कलमे ३१८ आणि ३३६, तिच्यात नमूद आहेत. तुमच्याकडे असे कार्ड असेल तर ते नाकाबंदीत दाखवू नका आणि फाडूनही टाकू नका. बनावट असल्याचे कळल्यानंतर ते वापरणे हा कलम ३४० खाली तुमचाच गुन्हा ठरतो, आणि फाडले तर दलालाविरुद्धचा पुरावा जातो. पैसे पाठवल्याच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि कार्ड एकत्र ठेवून तक्रारीसोबत ते पोलिसांकडे द्या, आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.