हॉर्मोन कमी असल्याचे सांगून केलेली लूट

पुरुषांच्या आरोग्यासाठी ऑनलाइन मार्गदर्शन देणाऱ्या एका कंपनीकडून माझी फसवणूक झाली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण याच साच्याचे धंदे इतके आहेत की एका नावापासून सावध राहून कोणाचा फारसा बचाव होणार नाही.

सुरुवात प्रश्नावलीने झाली. दुपारी सुस्ती येते का, पोटाचा घेर वाढला आहे का, कामात लक्ष लागत नाही का, कामेच्छा पूर्वीपेक्षा कमी झाली आहे का, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. चाळिशी ओलांडलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा आणि रात्री उशिरा झोपणारा कोणताही पुरुष त्यांतल्या बहुतेकांना ‘होय’ असेच उत्तर देईल. उत्तरे भरताच ‘टेस्टोस्टेरॉन (म्हणजे मुख्य पुरुषी हॉर्मोन) कमी असण्याची दाट शक्यता’ असा निष्कर्ष समोर आला आणि पाठोपाठ त्यांच्या ‘आरोग्य सल्लागारा’चा फोन आला. रक्ततपासणी मोफत होती. नमुना घेणारा मनुष्य संध्याकाळी घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि पुढे जो रिपोर्ट हाती पडला, त्यावर एकच आकडा लाल रंगात होता व त्याच्याशेजारी खाली वळलेला बाण होता. “सर, तुमचा रिपोर्ट बघून मला खरंच काळजी वाटते,” असे सल्लागार म्हणाला. ही काळजी पैसे भरेपर्यंत टिकली.

खरी मेख संध्याकाळच्या त्या नमुन्यात होती. टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवस चढेल तशी उतरते. अपुरी झोप, आजारपण आणि लठ्ठपणा यांनीही ती खाली येते. म्हणूनच दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी घेतलेल्या नमुन्यांत पातळी कमी आढळली आणि सोबत लक्षणेही असली, तरच डॉक्टर कमतरतेचे निदान करतात. वयानुसार होणारी घट वर्षाला साधारण 1 टक्का इतकी संथ असते. ही माहिती कंपनीला नव्हती असे मानणे कठीण आहे.

त्यानंतर कॅप्सूल, आहाराचा तक्ता आणि रोजचा कडक व्यायाम असा प्लॅन गळ्यात पडला. पहिल्या काही दिवसांत वजन झपाट्याने उतरले. पिष्टमय पदार्थ एकदम तोडले की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा संपतो, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी साठलेले असल्याने तेही निघून जाते; काट्यावर दिसणारी ही घट चरबीची नसते. नेमक्या याच टप्प्यावर ते अभिप्राय आणि फोटो मागतात. वजन जागच्या जागी अडले की कोणी अभिप्राय मागत नाही, त्यामुळे त्यांच्या जाहिरातीत दिसणारे बहुतेक समाधानी ग्राहक हे पाणी उतरलेले ग्राहक असावेत, असे माझे मत आहे.

वजन अडल्यावर भाषा बदलली. “सर, तुमची शिस्त कमी पडते,” असे सांगून वरच्या प्लॅनची गळ घातली गेली आणि त्या प्लॅनमध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने होती. त्यासाठी लागणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची व्यवस्थाही तेच करणार होते. बाहेरून हे हॉर्मोन दिले की मेंदूकडून वृषणांना जाणारे संदेश मंदावतात, शुक्राणूंची निर्मिती घटते, कित्येकदा जवळजवळ थांबते. शिवाय तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होऊ शकते. ज्यांना पुढे मूल हवे आहे अशा तरुणांना हे कोणी सांगत नाही, आणि मलाही ते फोनवर सांगितले गेले नाही. तारुण्य विकण्याचा हा मोह जुनाच आहे: 1889 मध्ये ब्राऊन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या बहात्तराव्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरतरीत झाल्याचे जाहीर केले. त्या पाण्यातल्या अर्कात हॉर्मोन जवळपास नव्हतेच.

छातीत धडधड सुरू झाल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कॅप्सूलची बाटली मागवली. लेबलवर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचे स्वतःचे मिश्रण) या नावाखाली घटकांची लांबलचक यादी होती, परंतु कोणता घटक किती हे कोठेही लिहिलेले नव्हते आणि कॅफीन तर दोन वेगळ्या नावांनी आले होते. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केल्या आणि दोन दिवस सकाळी रक्त तपासले. दोन्ही रिपोर्ट ठीक आले. मग रक्तदाब, साखर, कंबरेचा घेर, झोप आणि घोरणे यांची चौकशी झाली. लैंगिक ताठरतेतील अडचण ही कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची आगाऊ खूण असते, हे मला तेथे प्रथम कळले. ज्याला अशी अडचण आहे आणि जो डॉक्टरांऐवजी कॅप्सूलवर विसंबून राहतो, त्याचे नुकसान पैशापुरते राहत नाही.

व्यायामाची मांडणीही मी बदलली. त्यांच्या तक्त्यात एक दिवस चुकला की अख्खा आठवडा ‘अपयशी’ ठरत असे, आणि पुढच्या विक्रीला तेच निमित्त पुरे होई. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस त्याहून बरीच सौम्य आहे: आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मी आता भरभर चालतो आणि दोन दिवस जोर-बैठका काढतो. एखादा दिवस हुकला तर भरपाई करत बसत नाही.

पैशांचे मात्र फारसे काही हाती लागले नाही. परताव्याच्या अटीत रोजच्या वजनाचा फोटो आणि प्रत्येक व्यायामाचा व्हिडिओ विनाखंड पाठवणे बंधनकारक होते, आणि ही अट पैसे भरल्यानंतर आलेल्या ईमेलच्या तळाशी होती. अ‍ॅप काढून टाकल्यावरही हप्ता कापला गेला, कारण त्याने ऑटो-डेबिटची मंजुरी रद्द होत नाही. ती बँकेकडून वेगळी रद्द करावी लागली. संभाषणे अ‍ॅपमध्येच होती आणि खाते बंद होताच ती दिसेनाशी झाली. ज्यांचा व्यवहार अजून चालू आहे त्यांनी अटी, रिपोर्ट आणि सल्लागाराचे संदेश यांचे स्क्रीनशॉट तक्रार करण्यापूर्वीच काढून ठेवावेत.