ॲपआर्मर: कॉन्फिगमध्ये ‘वाय’, मशीनवर बंद!

सर्व्हरवर नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकल्यानंतर लेबल प्रिंटर पहिल्या फटक्यात चालला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याचा ड्रायव्हर नव्या फोल्डरमध्ये टाकला होता. ॲपआर्मर म्हणजे कुठल्या प्रोग्रामला कुठल्या फायली उघडता येतील हे प्रोफाइलमधल्या नियमांवरून ठरवणारा कर्नलमधला पहारेकरी. एरवी असं केलं की कप्सच्या (छपाई सांभाळणारा प्रोग्राम) ॲपआर्मर प्रोफाइलमध्ये ओळ वाढवेपर्यंत लॉगमध्ये ‘डिनाइड’, ‘डिनाइड’ अशी माळ लागते. या वेळी लॉग कोरा करकरीत.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या पॅकेजिंग युनिटमध्ये जुना आय-थ्री डेस्कटॉप सर्व्हर म्हणून राबतो. वर डेबियन 12 लिनक्स, नेटवर्कवर फायली देणारा सांबा, आणि कप्स. कर्नल कंपाइल करायची हौस कुणालाच नव्हती, पण वजनकाट्याच्या जुन्या सिरियल कार्डाला पॅच लागतो आणि नव्या कार्डाचं नाव काढलं की शेठ विषय बदलतात. म्हणून ते काम एएमसीवाल्याकडे (वार्षिक देखभालीच्या करारावरचा माणूस) गेलं. डेबियनच्या स्वतःच्या कर्नलमध्ये 10 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून, ॲपआर्मर आपोआप चालू असतं. आपण बनवलेल्या कर्नलमध्ये मात्र सगळा कारभार आपल्याच हाती.

त्याला फोन केला. “साहेब, कॉन्फिगमध्ये वाय आहे की नाही? मग झालं.”

कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नल बनवतानाच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, ॲपआर्मरसमोर वाय (हो) होतंच. सर्व्हिस रिपोर्टमध्ये त्याने त्या ओळीचा फोटोही लावला होता. मी म्हटलं, मशीनवर येऊन सिसफोल्डरमधल्या ॲपआर्मर मॉड्यूलची ‘एनेबल्ड’ फाइल उघडून दाखवा. आला, उघडली. आत एकच अक्षर: ‘एन’, म्हणजे बंद.

मेख अशी आहे. कॉन्फिगच्या ‘सिक्युरिटी ऑप्शन्स’मध्ये खाली एलएसएमची, म्हणजे कर्नलच्या सुरक्षा मॉड्यूल्सची, यादी असते, स्वल्पविरामांनी जोडलेली एक लांबलचक ओळ. कर्नल 5.1 पासून बूटच्या वेळी कोणतं मॉड्यूल उठणार, हे ही ओळ ठरवते. कर्नलमध्ये ॲपआर्मर भरलेलं असलं तरी यादीत नाव नसेल तर ते झोपून राहतं. आणि ओळ एकदा सेव्ह झाली की नंतर वर काहीही चालू करा, ती आपोआप बदलत नाही. या पठ्ठ्याने दुसऱ्या कुठल्या तरी मशीनची कॉन्फिग उचलली होती. त्या मशीनला ॲपआर्मर नकोच होतं, त्यामुळे यादीत लॉकडाउन, यामा ही दुसरी मॉड्यूल्स होती, ॲपआर्मर नव्हतं. कंपाइल करताना ना एरर, ना वॉर्निंग.

सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? कर्नल 5.13 मध्ये आलेल्या लँडलॉक या अशाच मॉड्यूलच्या मदत-मजकुरात स्पष्ट लिहिलंय की हे चालू करायचं तर यादीच्या सुरुवातीला नाव घाला. ॲपआर्मरच्या मदत-मजकुरात यादीचा उल्लेखच नाही! दोन ओळी लिहायला काय जात होतं?

आता दुरुस्ती. पुन्हा कंपाइल करायला वेळ लागतो म्हणून त्याने ग्रबमध्ये (कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) ‘एलएसएम=ॲपआर्मर’ एवढंच टाकलं, रीबूट केलं आणि चहा घेऊन निघून गेला. ‘एनेबल्ड’मध्ये वाय आलं. पण हा पर्याय यादीत भर घालत नाही, अख्खी यादीच बदलतो. म्हणजे यामा गेलं. त्याची पीट्रेस-स्कोप ही सेटिंगची फाइलच गायब! आमच्याकडे ऑफिसभर एकच लॉगिन चालतं (हो, माहीत आहे, शेठना सांगा). यामा नसेल तर त्या लॉगिनचा कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या मेमरीत डोकावू शकतो. शेवटी पूर्ण यादी मीच ग्रबमध्ये लिहिली.

इथवर वाचून वाटेल की मी ॲपआर्मरला पाचपैकी एक स्टार देणार. पहिल्या महिन्यात तेच देणार होतो. पण काही महिने वापरल्यावर मत बदललं. सिक्युरिटीएफएस या सिस्टिम-फोल्डरमधली ‘एलएसएम’ फाइल उघडली की प्रत्यक्षात काय चालू आहे ते एका ओळीत समोर येतं. त्यात ‘कॅपेबिलिटी’ हे मॉड्यूल असतंच, ते आपल्याला लिहावं लागत नाही. आता प्रत्येक रीबूटनंतर आधी ही फाइल बघतो, मग बाकीची कामं. रिपोर्टवरचे फोटो वगैरे कुणी दाखवूच नयेत.

एसईलिनक्स हे ॲपआर्मरला पर्याय असलेलं मॉड्यूलही जुन्या डिस्कवर करून पाहिलं. 2003 च्या 2.6 कर्नलपासून आहे, मुरलेलं आहे, कडक आहे. पण ते फाइलवरच्या लेबलवर चालतं. फाइल एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवली की जुनंच लेबल घेऊन येते, आणि सांबा ती द्यायला नकार देतो. आमच्याकडे दिवसभर फायली इकडून तिकडे हलवणं हाच धंदा आहे. ॲपआर्मर पाथ बघतं, आम्हाला तेच परवडतं. नवीन प्रोफाइल आधी ‘कम्प्लेन’ मोडमध्ये (फक्त नोंद, अडवणूक नाही) ठेवायचं, आठवडाभर लॉग बघायचा, मग ‘एन्फोर्स’. पैसा शून्य.

साडेतीन स्टार. अर्धा त्या मदत-मजकुरापायी कापला, एक एएमसीवाल्यापायी, त्यात कर्नलचा दोष नसला तरी. त्याने दुसऱ्या व्हिजिटचं वेगळं बिल पाठवलंय. मी ते पास केलेलं नाही, करणारही नाही.