टिळक रस्त्यालगतचे संगणक दुरुस्तीचे दुकान : शब्दांना जपणारे काम

पुण्यातल्या टिळक रस्त्यालगतच्या या दुकानात माझी पहिली खेप वहिनीच्या लॅपटॉपमुळे झाली. त्याआधी आम्ही तो शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानात नेला होता. जागा संपत आल्याची सूचना पडद्यावर सारखी येत होती, म्हणून वहिनीने तेथे सांगितले, "मेमरी भरली आहे." तेथील माणसाने ती सूचना काय आहे हे न पाहताच ८ जीबीची जादा रॅम, म्हणजे चालू कामापुरती लागणारी मेमरी, बसवून दिली आणि तिचे पूर्ण पैसे घेतले. घरी आल्यावर तीच सूचना पुन्हा आली, कारण भरलेली होती ती २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फाइली कायमच्या साठवणारी डिस्क. रॅमचा त्या तक्रारीशी काही संबंधच नव्हता.

मोबाइलमध्ये फोटो साठवण्याच्या जागेला आपण सर्रास मेमरी म्हणतो आणि मेमरी कार्डाच्या नावामुळे ती सवय पक्कीच झाली आहे. त्यामुळे वहिनीने तो शब्द वापरला यात तिचा काही दोष नाही. मात्र ज्याचा हा व्यवसाय आहे त्याने ग्राहकाच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा धरून सुटा भाग विकावा, ही मला अक्षम्य हलगर्जी वाटते.

या दुकानाच्या मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "ताई, मेसेज नेमका काय येतो ते मला इथे दाखवता का?" सूचना वाचल्यावर त्यांनी टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचे चालू काम दाखवणारी विंडोजमधली खिडकी, उघडून रॅम निम्मीही वापरात नसल्याचे दाखवले, मग सी ड्राइव्हची लाल झालेली पट्टी दाखवली आणि म्हणाले, "रॅम म्हणजे तुमचा ओटा आणि एसएसडी म्हणजे फडताळ. फडताळ भरलं म्हणून कोणी ओटा वाढवत नाही." जुन्या मोबाइलचे बॅकअप आणि डाउनलोड फोल्डरमध्ये साचलेल्या व्हिडिओंनी जवळजवळ ९० जीबी जागा अडवली होती. कोणती फाइल हवी आणि कोणती नको, हे त्यांनी वहिनीला विचारून ठरवले. स्वतःच्या मनाने एकही फाइल काढली नाही. तपासणीचे ३०० रुपये घेतले आणि नवीन काहीही विकले नाही.

संगणकाची आवड असलेल्या माणसाला काही शब्द ऐकताच त्रास होतो आणि तो त्रास मी अनेक वर्षे सोसत आलो आहे. घरातले लोक याला माझा चिकित्सकपणा म्हणतात. पण चुकीच्या शब्दामुळे पैसे कसे जातात हे वहिनीच्या लॅपटॉपने दाखवून दिले आणि त्याच दृष्टीने मी पुढच्या तीन खेपांमध्ये या दुकानाचे काम पाहिले.

दुसऱ्या खेपेस माझ्यापुढे एक आजोबा होते. रिक्षातून आणलेला जुना डेस्कटॉप टेबलावर ठेवत ते म्हणाले, "सीपीयू जळाला आहे, नवीन किती पडेल?" त्या अख्ख्या खोक्याला, म्हणजे कॅबिनेटला, सीपीयू म्हणण्याची रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की शाळेत आम्हालाही खोक्याकडे बोट दाखवूनच सीपीयू शिकवला होता. प्रत्यक्षात सीपीयू म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड या मुख्य सर्किट-पाटीवर बसणारी, तळहाताच्या मधोमध मावेल एवढी चकती. मालकांनी आजोबांची चूक काढली नाही. "कॅबिनेट उघडून पाहतो, आजोबा. सीपीयू सहसा असा जळत नाही, एसएमपीएस गेला असेल," असे म्हणून त्यांनी दुकानातला चालू एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, तात्पुरता जोडला आणि यंत्र लगेच सुरू झाले. नवीन प्रोसेसर आणि मदरबोर्डच्या तयारीने आलेले आजोबा केवळ एसएमपीएसचा खर्च करून परत गेले. योग्य शब्द उत्तरात सहज येऊ द्यायचा आणि समोरच्याला ओशाळे वाटू द्यायचे नाही, ही त्यांची पद्धत मला फार आवडली. मला स्वतःला ती साधत नाही.

सवयींच्या बाबतीतही त्यांचे समजावणे नेमके असते. माझ्या भावाचा संगणक दिवसेंदिवस संथ होत होता आणि तो ठामपणे सांगत होता, "मी रोज रात्री बंद करतो, म्हणजे रोज रिस्टार्टच होतो." विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असली की शट डाउन करताना उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जतन केला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. रिस्टार्ट केल्यावर मात्र सगळे खरोखर नव्याने सुरू होते. मालकांनी टास्क मॅनेजरमधला अपटाइम, म्हणजे विंडोज नव्याने सुरू झाल्यापासूनचा वेळ, दाखवला, तेव्हा रोज बंद होणारा तो संगणक ४१ दिवस अखंड चालू असल्याची नोंद तेथे होती. भावाची इतक्या वर्षांची समजूत त्या एका आकड्याने बदलली. याच भेटीत त्यांनी त्याला उजवे बटण दाबून पुन्हा पुन्हा रिफ्रेश करण्याची सवयही सोडायला सांगितले, कारण त्याने डेस्कटॉपवरची चिन्हे नव्याने मांडली जातात, एवढेच होते. रॅम मोकळी होत नाही आणि वेगही वाढत नाही.

प्रत्येक दुखण्यावर फॉरमॅट मारण्याचा, म्हणजे डिस्क पुसून टाकण्याचा, सल्ला येथे मिळत नाही. विंडोज नव्याने टाकावेच लागले तर आधी बॅकअप कोणत्या डिस्कवर घेतला ते लिहून देतात.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपसाठी मी एसएसडी मागायला गेलो, तेव्हा या दुकानाचा खरा कस लागला. बाजारात "एम डॉट टू म्हणजे सर्वांत वेगवान" असे सांगितले जाते, पण एम डॉट टू हे केवळ आकाराचे आणि खाचेचे नाव आहे. त्याच आकारात साटा या जुन्या जोडणी-पद्धतीची एसएसडीही मिळते आणि तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपाशी थांबतो; एनव्हीएमई या नव्या पद्धतीची एसएसडी त्याच्या कितीतरी पट वेगाने चालते, परंतु लॅपटॉपची खाच केवळ साटासाठी असेल तर ती चालतच नाही. मालकांनी आधी लॅपटॉपची मागची बाजू उघडून खाच पाहिली, मदरबोर्डचे मॉडेल ताडून घेतले आणि मगच मागणी नोंदवली. बिलावर त्यांनी लिहिले : "एनव्हीएमई एसएसडी, १ टेराबाइट, विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसेल." कंपन्या एक टेराबाइट म्हणजे एक हजार अब्ज बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजूनही जीबी हेच नाव लावते, आणि या फरकापायी फसवले गेल्याची तक्रार घेऊन दर आठवड्याला कोणीतरी येते, असे त्यांनी सांगितले. ती एक ओळ लिहिण्याची तसदी घेणारे दुकान मी पुण्यात दुसरे पाहिलेले नाही.

"विंडोज १० बंद झाले" हे वाक्यही अलीकडे सगळीकडे ऐकू येते. बंद काहीही झालेले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला, म्हणजे सुरक्षेच्या नेहमीच्या अद्ययावत आवृत्त्या थांबल्या. हा धोका खरा आहे आणि मालक तो लपवत नाहीत. मात्र नवीन यंत्र विकण्याआधी जुन्या यंत्रात टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय आहे का आणि प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो का, हे ते तपासतात. आमच्या शेजाऱ्यांच्या संगणकात टीपीएम होते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ते बंद ठेवलेले होते. ते चालू करताच विंडोज ११ विनाअडथळा बसले.

आता उणिवा. जिना अरुंद आणि अंधारा आहे, त्यामुळे वयस्कर माणसाने जड कॅबिनेट घेऊन एकट्याने येऊ नये. दुपारी एक ते चार दुकान बंद असते आणि त्या वेळात फोनही उचलला जात नाही. घरी येऊन काम करण्याची सोय नाही. सुटा भाग मागवायचा असल्यास चार-पाच दिवस धरून चालावे. माझ्या एसएसडीला सात दिवस लागले आणि उशीर होणार हे मला आपणहून कळवले गेले नाही. दर शेजारच्या दुकानांपेक्षा थोडे चढे आहेत, पण तपासणीला दिलेला वेळ पाहता ते मला रास्त वाटतात.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र पाटीबद्दल आहे. शब्दांबाबत इतक्या काटेकोर असलेल्या या दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिले आहे : "सीपीयू, मॉनिटर, प्रिंटर दुरुस्ती." मी मालकांना हे बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, आधी कॅबिनेटच लिहिलं होतं. लोक कपाटाचं माप घेऊन वर यायचे." त्यांची अडचण मला समजते, तरीही नुसते "कॉम्प्युटर दुरुस्ती" लिहिले असते तरी कोणाचाही गोंधळ झाला नसता, आणि पाटी पुढच्या वेळी रंगवताना तेवढा बदल करावा, अशी विनंती मी त्यांना केली आहे.