आजोबांच्या बायबलचं बाइंडिंग: दोन भाग केले नाहीत ते बरं झालं

आधी कामाचं सांगते, मग बाकीचं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात या बाइंडिंगवाल्या काकांचं छोटंसं दुकान आहे, बाहेर वह्यांचे गठ्ठे असतात त्यामुळे पटकन दिसत नाही. मी आजोबांचं मराठी पवित्र शास्त्र घेऊन गेले होते. आजोबा नगरकडचे, मास्तर होते, त्यांच्यानंतर ते पुस्तक पप्पांकडे आलं आणि पप्पा रोज वाचतात म्हणून त्याची अवस्था अशी झाली होती की पुठ्ठा एकीकडे, पानं एकीकडे, आणि मध्ये मध्ये पप्पांनी लावलेल्या सेलोटेपा पिवळ्या पडून कडक झालेल्या. दोन-तीन ठिकाणी विचारलं तर सगळे म्हणाले गमने चिकटवून देतो, नवीन घ्या ना ताई, हल्ली स्वस्त मिळतं. या काकांनी मात्र पुस्तक हातात घेऊन आधी पाच मिनिटं नुसतं उलटसुलट बघितलं. मग म्हणाले शिलाई पूर्ण उसवून परत दोऱ्याने शिवावं लागेल, टेपा एकेक करून काढाव्या लागतील, १४०० रुपये, बारा दिवस.

आणि मग म्हणाले, "ताई, एक सांगू का, जाड फार आहे, वडिलांना हातात धरवत नसेल. हे इथे मोठा भाग संपतो ना, तिथून दोन वेगळी पुस्तकं करून देऊ का?" त्यांनी बोट ठेवलं होतं ते बरोबर जुना करार संपून नवा करार सुरू होतो तिथे, म्हणजे येशूच्या आधीचा भाग संपून येशूपासूनचा सुरू होतो तिथे. सूचना अगदी चांगल्या मनाने केलेली, पप्पा ८१ वर्षांचे आहेत, हात थरथरतात. पण मी एकदम नको म्हणाले, इतक्या जोरात की तेही चमकले. का नको ते तेव्हा मला नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

आमचं घर म्हणजे नियमांचं घर. रविवारी सिनेमा नाही, पत्ते नाहीत, दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग, आधी बाजूला मग किराणा, आणि दहा आज्ञा रोज रात्री तोंडपाठ म्हणायच्या. याबद्दल माझी तक्रार नाही, खरंच नाही, खोटं बोलायचं नाही हे त्या घरातच शिकले. पण दादाच्या हातून एकदा नोकरीत पैशांची चूक झाली, त्याने पै न पै परत भरली, तरी पप्पांनी चार वर्षं त्याला आमच्याबरोबर जेवायला बसू दिलं नाही. तो आता नाशिकला असतो, नाताळला येतो आणि पुढच्या खोलीतच बसून परत जातो. कृपा, म्हणजे लायकी न बघता देव करतो ती माफी, हा शब्द आमच्याकडे प्रत्येक प्रार्थनेत होता, जेवणाच्या टेबलावर नव्हता.

मग मोठी झाल्यावर मी उलट्या टोकाला गेले, म्हणजे जुना करार उघडायचाच नाही, फक्त येशू, फक्त कृपा, नियमशास्त्र (जुन्या करारातले देवाचे नियम) संपलं. नंतर वाचनात आलं की हे फार जुनं आहे, दुसऱ्या शतकात रोमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मार्सियन नावाचा माणूस हेच म्हणत होता, जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, म्हणून त्याने जुना करार पूर्ण टाकला आणि स्वतः छाटलेलं लूकचं शुभवर्तमान, म्हणजे लूकने लिहिलेलं येशूचं चरित्र, आणि येशूचा प्रेषित पौल याची दहा पत्रं एवढंच ठेवलं. साधारण १४४ साली मंडळीने त्याला बाहेर काढलं. काकांचं बोट त्या पानावर होतं तेव्हा मला तोच आठवला.

बारा दिवसांचे सोळा झाले आणि फोन उचलत नाहीत, एक स्टार त्यासाठी कमी करणार होते. पण मी गेले तेव्हा काका निर्गमच्या, म्हणजे जुन्या करारातल्या दुसऱ्या पुस्तकाच्या, विसाव्या अध्यायाचं, दहा आज्ञांचं पान करत होते, सगळ्यात जास्त फाटलेलं, अर्थात सगळ्यात जास्त वाचलेलं. टेप ओलसर करून हळूहळू सोडवली, मग फाटलेल्या कडेला पातळ जपानी कागद खळीने लावला, इतका पातळ की खालची अक्षरं वाचता येतात. मी शेजारी उभी राहून बघत होते. आजोबांनी तिथे लाल पेन्सिलीने प्रत्येक आज्ञेखाली रेघ मारलीय, खून करू नको, चोरी करू नको, सगळ्यांखाली, पट्टी लावून. फक्त त्यांच्या आधीच्या ओळीखाली रेघ नाही. ती ओळ म्हणजे, मी परमेश्वर तुझा देव, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं.

मी कितीदा हे पान वाचलं असेल आणि हे कधीच दिसलं नव्हतं. आधी सुटका आणि मग आज्ञा. देवाने मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, जाऊन तिथे गुलाम असलेल्या इस्राएल लोकांना असं नाही सांगितलं की या दहा पाळून दाखवा मग सोडवतो. यहुदी परंपरेत तर दहा वचनं मोजताना हीच ओळ पहिली धरतात, आपण ख्रिस्ती लोक तिला नुसती प्रस्तावना समजून पुढे जातो. म्हणजे कृपा नव्या करारात सुरू झाली हे माझं म्हणणं चुकलं आणि नियम पाळले की देव आपला होतो हे पप्पांचं म्हणणंही चुकलं, आणि दोन्ही चुका एकाच पानावर.

पौल गलतीकरांस पत्रात नियमशास्त्राला बालरक्षक म्हणतो, म्हणजे त्या काळी मुलाला सांभाळून गुरुजींकडे नेणारा घरचा गुलाम असायचा तो. मला आमचे शाळेचे रिक्षावाले काका आठवतात, हात बाहेर काढू नको, उशीर करू नको, ओरडायचे आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, पण गेटपाशी आपण उतरायचं असतं. आम्ही रिक्षातच बसून राहिलो. पंडिता रमाबाईंचंही असंच काहीसं, बाप्तिस्मा १८८३ साली झाला पण पुढे त्यांनी स्वतः लिहिलंय की आपल्याला नुसता ख्रिस्ताचा धर्म नको, ख्रिस्त हवा हे नंतर कळलं. आणि त्याच बाईंनी आपल्या इथे केडगावला बसून जुना आणि नवा दोन्ही करार मूळ भाषांवरून मराठीत आणले, शेवटची वर्षं त्यातच घातली.

घरी येऊन पप्पांना ती ओळ वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कृपा म्हणजे सूट नाही." मी म्हणाले नाहीच, रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल तेच विचारतो, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, कधीच नाही. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे, मला तो संपायला नकोय. पण परवा रात्री ते म्हणाले, दादाला सांग पुस्तक दुरुस्त होऊन आलंय, बघायला ये म्हणावं, जेवायलाच ये.

तर स्टार पाचच. पैसे रोख न्या, बाइक चौकातच लावा, बोळात जागा नाही. कापडी कव्हर घ्या, रेक्झिन नको. आणि दोऱ्याने शिवल्यामुळे पुस्तक आता निर्गमला उघडा नाहीतर रोमकरांसला, टेबलावर सपाट पडून राहतं, पप्पांना हाताने दाबून धरावं लागत नाही.