महापालिका हॉस्पिटलची एआरव्ही (रेबीजच्या लसीची) ओपीडी: गर्दी आहे, साबण नाही, तरी तिथेच जा

पार्किंगमधलं पिल्लू आमच्या पोरीच्या बोटाला चावलं, जेमतेम दोन महिन्यांचं असेल, थोडं रक्त आलं. लगेच सोसायटीत सगळे सुरू, अहो काही होत नाही, दात शिवशिवतात त्यांचे, एवढ्याशा पिल्लाला कुठला आलाय रेबीज. येतो की! पिसाळलेलं कुत्रं त्याला चावलं असेल तर पिल्लालाही होतो, आणि रेबीजची लस पिल्लांना साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, म्हणजे रस्त्यावरच्या ह्या पिल्लाला ती मिळालेली असायचा प्रश्नच नाही. 2025 मधे यूपीत बुलंदशहरचा एक कबड्डीपटू गेला, नाल्यातून पिल्लू बाहेर काढताना ते चावलं होतं, किरकोळ आहे म्हणून लसच घेतली नाही.

तर आधी घरी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं बोट धुतलं, सासूबाई हळद घेऊन आल्या त्यांना हातानेच थांबवलं, आणि जवळ म्हणून एका प्रायव्हेट क्लिनिकला गेलो. तिथे टीटी मारलं आणि म्हणे पिल्लूच आहे, दहा दिवस लक्ष ठेवा. अहो टीटी धनुर्वाताचं, रेबीजशी त्याचा काडीचा संबंध नाही! आणि दहा दिवस लक्ष ठेवायचं ते लस सुरू करून, लस अडवून नाही. भटकं पिल्लू दहा दिवस एका जागी बसणार आहे का? नाव घेत नाही पण शून्य स्टार.

मग महापालिकेचं हॉस्पिटल. केसपेपरची लाईन बाहेरपर्यंत, पण एआरव्हीची रूम वेगळी आहे आणि तिथल्या लोकांना काम माहितीये. डॉक्टरनी बोट बघितलं, रक्त आलंय म्हणजे कॅटेगरी तीन, सगळ्यात धोक्याचा गट, नुसती लस नाही चालणार सिरम पण लागेल. कारण लसीने अंगात अँटीबॉडी बनायला आठवडाभर तरी जातो, सिरममधे त्या तयारच असतात, थेट जखमेत सोडायच्या. डोस वजनावर ठरतो पण बोटात जागा ती किती, मावेल तेवढंच जखमेत आणि आजूबाजूला टोचलं. पोरीने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं, सिस्टर झालं गं बाळा झालं म्हणत होत्या पण सुईचा हात जराही हलला नाही. मानलं. नंतर रिअ‍ॅक्शन येते का बघायला बाकावर बसवून ठेवलं.

लस दोन्ही दंडांना कातडीत थोडी थोडी, मसुराएवढा फुगा येतो बस. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार कधीचाच बंद झालाय, तरी सासूबाईंना अजून पटत नाही. तारखा म्हणजे पहिला दिवस धरायचा शून्य, मग 3, 7 आणि 28. प्रायव्हेटमधे बहुतेक ठिकाणी दंडात अख्खी बाटली देतात आणि डोस पाच, कारण कातडीतल्या लसीची बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, एका पेशंटसाठी कोण फोडेल. इथे गर्दीमुळे ती वाया जात नाही. आणि सगळं फुकट, सिरमसकट, आमच्या वेळी तरी स्टॉक होता.

आता तक्रारी. जखम धुवायला बेसिन आहे, वर मोठा बोर्ड साबणाने धुवा, साबण नाही. कार्डावरच्या तारखा मेडिकलवाल्यालासुद्धा लागणार नाहीत. सातव्या दिवशी आमचा रविवार आला, ओपीडी बंद, कॅज्युअल्टीत मिळते हे आधी कोणीच सांगितलं नाही, वॉचमन काकांनी सांगितलं.

तीन स्टार, चौथा साबण ठेवला की. जाताना साबणाची वडी आणि जुना केसपेपर दोन्ही न्या, केसपेपर नसेल तर परत लाईन लावायला लागते.