नव्वद रुपयांचं स्टीलचं बोंडलं: चार तारे, तेही अटींवर

मी दारव्हा तालुक्यातला कापसाचा शेतकरी. भांड्यांबद्दल लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण बोंडलं, म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं लहान भांडं, महिनाभर दिवसातून बारा वेळा हाताळलं, की माणसाला त्याच्याबद्दल मत येतंच.

आमचा पोरगा ऐन वेचणीत, गरोदरपणाच्या ३१व्या आठवड्यातच झाला. वजन १ किलो ३८० ग्रॅम. सरकारी दवाखान्याच्या एसएनसीयूत, म्हणजे अशक्त नवजात बाळांच्या खास कक्षात ठेवला, एक रुपया लागला नाही. तिथं मला पहिल्यांदा कळलं की एवढ्या लहान बाळाला दूध ओढता येत नाही. ओढायचं, गिळायचं आणि मधेच श्वास घ्यायचा, हा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या आसपास जमतो. तोवर तोंडातून पोटात नळी. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी ३ मिली, म्हणजे औषधाच्या लहान चमच्याएवढंही नाही. बायको ओल्या अंगानं वाटी घेऊन बसायची आणि हातानं दूध काढायची. मी मेडिकलमधून रबरी फुग्याचा पंप आणला होता, तो सिस्टरनं परत न्यायला लावला. फुग्यात दूध शिरतं आणि तो आतून धुताच येत नाही. त्या पंपाला शून्य तारे.

नळी निघायची वेळ आली तेव्हा सिस्टरनं विचारलं, "दादा, घरी बोंडलं हाय का?" होतं, चांदीचं. मी त्याच्यावरच वाढलो. पण एका दुष्काळात ते सावकाराकडे गेलं ते गेलंच. म्हणून दारव्ह्याच्या भांड्याच्या दुकानात गेलो. दुकानदार आधी प्लास्टिकची बाटलीच पुढं करत होता, "सगळे हेच नेतात." १९९२च्या कायद्यानं दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, विकायला नाही, त्यामुळे मी वाद घातला नाही. बाटलीच्या बुचात आणि निपलच्या खाचेत दूध साचून राहतं, आणि आमच्या घरी तर पाणी हंड्यात भरून ठेवलेलं. बोंडलं उघडं असतं, दिसतं, घासता येतं.

आता मालाबद्दल. स्टील जाड आहे, तळ सपाट, कलंडत नाही. तक्रार आहे ती चोचीची. पहिलं जे हातात दिलं त्याच्या चोचीची कड ब्लेडसारखी होती. मी दुकानात उभा राहून सातही बोंडल्यांच्या चोची बोटानं चाचपल्या, त्यातली दोनच गुळगुळीत निघाली. तुम्हीही चाचपा. दुकानदार हसला तर हसू द्या. दुसरी उणीव, आत मापाची एकही रेघ नाही. डॉक्टरांनी सुट्टी देताना दर दोन तासांनी २२ मिली सांगितलं होतं, ते ओळखायचं कसं? आम्ही सुई नसलेली १० मिलीची सिरिंज आणून दूध मोजून ओतायचो. त्याचाच एक तारा कापला.

पाजायची रीत मात्र भांड्यासोबत मिळत नाही, आणि खरी गोची तिथंच आहे. घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री आईनं बोंडलं हातात घेतलं. "तुले म्या असंच पाजलं होतं," म्हणाली आणि वाकवलं. पोरगा ठसकला, ओठ क्षणभर जांभळे झाले. कुशीवर घेतला, पाठ चोळली, मग रडला. ते रडणं ऐकून आई भिंतीला टेकून बसली ती पहाटेपर्यंत बोललीच नाही. तिचा दोष नाही, मी पूर्ण दिवसांचा होतो. सिस्टरनं शिकवलं होतं ते असं: बाळ अर्धं बसतं धरायचं, चोच ओठाच्या कोपऱ्यात टेकवायची, थेंबभर सोडायचं आणि गिळेपर्यंत थांबायचं. एका वेळेला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रात्री दोनला आणि चारला ती फार लांब वाटतात. आईला हे नंतर शिकवलं आणि आता ती माझ्यापेक्षा हळू पाजते.

उकळून घेणं दहा मिनिटं, चुलीवर. काढलेलं दूध खोलीत चार तासच ठेवायचं. उन्हाळ्यात विदर्भात हा हिशेब आणखी आखूड धरावा, असं मला वाटतं.

भांड्याच्या जोडीला जे फुकट मिळालं तेही सांगतो. पाजून झालं की पोरगा उघड्या छातीला बांधायचा, वरून घोंगडी. ही कांगारू पद्धत कोलंबियात निघाली. डॉक्टर म्हणाले, भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांत जन्मल्याबरोबर असं ठेवून पाहिलं तर १ किलो ८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांचे मृत्यू पाव भागानं कमी झाले, २०२१ साली ते छापून आलं. डिसेंबरच्या थंडीत मी असा बसलो की शेजारचे हसायचे, "बाप बी पान्हवला काय रे?"

आशाताई वजनकाटा घेऊन येत होती. घरी येऊन बाळ बघायची ही पद्धत लांबून नाही, आपल्या गडचिरोलीतून निघाली. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त खाली आणले, १९९९ला लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात आलं. आमच्या आशाताईनं मात्र पहिल्या भेटीत लॅन्सेटचं नाव न घेता बोंडल्याच्या चोचीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "इथं साय चिकटली हाय, पुन्हा घासा." तेव्हापासून आम्ही त्यासाठी दात घासायचा नवा ब्रश वेगळा ठेवतो.

सुट्टीला १ किलो ६५० होता. परवा काट्यावर २ किलो ९०० भरला आणि आता बायकोच्या अंगावरच पितो. बोंडलं उकळून फळीवर ठेवलं होतं. पलीकडच्या वाडीतली एक बाई मागायला आली होती, तिचं बाळही लवकर झालंय. बायकोनं बोंडलं दिलं, सिरिंज नवी घ्यायला सांगितली, आणि दोन दिवस माझ्या आईला तिच्या घरी पाठवलं, हळू कसं पाजायचं ते दाखवायला.