‘पाच अँपिअर’वाली मॉडिफाय टॉर्च: आत काय निघालं

एक्सएम-एल२ नावाचा एलईडी, एका १८६५० (दंडगोल लिथियम-आयन) सेलवर चालणारी टॉर्च. विकणाऱ्याचा दावा: ड्रायव्हर (एलईडीचा करंट ठरवणारं सर्किट) मॉडिफाय केलाय, एलईडीला रेग्युलेटेड, म्हणजे सेल उतरला तरी स्थिर, ५ अँपिअर मिळतात. सोबत व्हिडिओ, त्यात मागचं झाकण काढून लावलेला मीटर आणि त्यावर ४.९ चा आकडा. घेणाऱ्याला सुरुवातीला झगझगीत उजेड दिसला, मग तो भराभर उतरला. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘तुमचा सेल खराब आहे.’ सेल बदलला, तरी तेच.

ड्रायव्हर बाहेर काढल्यावर लबाडी दिसली. बक ड्रायव्हरवर (सेलचं व्होल्टेज कमी करून एलईडीला देणारा प्रकार) आर१०० छापलेला, म्हणजे ०.१ ओहमचा, सेन्स रेझिस्टर (करंट मोजण्यासाठीचा रोध) होता आणि त्याच्यावर सोल्डरचा गोळा चढवून दोन्ही टोकं एकत्र केलेली होती. कडेला तपकिरी फ्लक्स तसाच चिकटलेला. या रेझिस्टरवर पडणारं व्होल्टेज बघूनच चिप करंट आवरते. तो शॉर्ट केला की करंट वाहतोय हेच चिपला कळत नाही, ती स्विच सतत चालू ठेवते आणि सेल जवळपास थेट एलईडीला जोडला जातो. भरलेल्या सेलवर आकडा मोठा येतो, सेल उतरेल तसा करंटही उतरतो. याला रेग्युलेटेड म्हणणं सरळ खोटं आहे. शिवाय एक्सएम-एल२ ची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ३ अँपिअर आहे.

प्रामाणिक काम असं असतं: ०.१ ओहमच्या रेझिस्टरला ०.३३ ओहमचा समांतर जोडायचा. एकूण रोध साधारण ०.०७७ ओहम होतो आणि करंट ३० टक्के वाढतो, २ अँपिअरचा २.६. त्याआधी इंडक्टरला (ड्रायव्हरवरच्या तारेच्या वेटोळ्याला) तेवढा करंट सोसतो का ते बघावंच लागतं. तो सॅच्युरेट झाला, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपली, तर स्विच तापतो आणि जातो.

एएमसी ७१३५ ही ठरावीक करंट देणारी लिनिअर चिप (जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवणारी). तिच्या ड्रायव्हरमध्ये फसवणुकीची तऱ्हा वेगळी. एक चिप ३५० मिलिअँपिअर देते (निवडक ३८०), म्हणजे आठ चिपचे २.८ ते ३.०४ अँपिअर. त्याहून जास्त सांगितलं तर चिप मोजा. एकीवर एक चढवलेल्या असतील तर वरच्या चिपची मधली पट्टी नीट डागली आहे का ते भिंगातून पाहा. उष्णता त्याच पट्टीतून खाली जाते. फक्त पाय डागून पट्टी अधांतरी सोडली असेल तर ती चिप फार काळ टिकत नाही.

सगळ्यात सफाईने फसवलं जातं ते ६ व्होल्टच्या एलईडीला एका सेलवर चालवणाऱ्या बूस्ट (व्होल्टेज वाढवणाऱ्या) ड्रायव्हरमध्ये. मागे मोजलेले ५ अँपिअर हा सेलमधून ओढलेला करंट असतो. ३.७ व्होल्टला ते साडेअठरा वॅट झाले. ड्रायव्हरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर एलईडीला जेमतेम पावणेतीन अँपिअर पोचतात. बकमध्ये उलटं, मागचा आकडा एलईडीच्या करंटपेक्षा कमी असतो. मागचा आकडा हाच एलईडीचा करंट, हे फक्त लिनिअर ड्रायव्हरला लागू आहे. म्हणून ड्रायव्हरचा प्रकार विचारल्याशिवाय कुठलाही आकडा मान्य करू नका.

मोजताना मल्टिमीटरच्या बारीक वायरी वापरू नका. त्यांचा ०.१ ओहम रोधसुद्धा ३ अँपिअरला ०.३ व्होल्ट खातो. मागचं झाकण काढून सेलच्या ऋण टोकापासून टॉर्चच्या नळीच्या उघड्या धातूच्या कडेपर्यंत जाड, आखूड तांब्याची तार लावा आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा) तिच्याभोवती धरा. फक्त एसीचा क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही. आधी ४.१ व्होल्टच्या सेलवर मोजा, मग ३.८ च्या. ७१३५ चा ड्रायव्हर चांगल्या सेलवर दोन्ही वेळा जवळपास सारखा आकडा दाखवतो. मोठी घसरण दिसली तर रेग्युलेशन नाहीच.

अशा टॉर्चसोबत ‘९९००’ मिलिअँपिअर-अवर छापलेला सेल मिळाला तर तो वापरू नका. १८६५० चा खरा चांगला सेल ३५०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास थांबतो आणि साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तो खोटा सेल भरपूर करंट ओढणाऱ्या ड्रायव्हरवर धोकादायकपणे तापू शकतो.

पैसे देण्याआधी ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंचे जवळून काढलेले फोटो, सेन्स रेझिस्टरची किंमत, आणि एलईडीच्याच तारेवर क्लॅम्प लावून टॉर्च लावल्यावर दहा मिनिटांनी घेतलेला आकडा मागा. टॉर्च हातात आली की उघडण्याआधीच व्हिडिओ सुरू करा, नाहीतर सोल्डरचा गोळा तुम्हीच टाकलात असं म्हणायला विकणारा मोकळा.